‘कोणी केलं?’ हा पहिला प्रश्न नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत व्यवस्थापकांच्या ‘धडाडीच्या निर्णयां’वर लेख आला आहे. लेख वाचनीय आहे. फक्त त्यातला साहेब सतत निर्णय घेतानाच दिसतो. त्याआधी तो काय बघतो, कोणाला विचारतो, कागदावर काय मांडतो, याबद्दल अवाक्षर नाही. मकरपुरा, वाघोडिया, सावली या भागांतल्या कारखान्यांत गुणवत्तेचे काम बघणाऱ्या आम्हा काही वाचकांना तेवढ्याबद्दलच लिहायचे आहे.

बडोद्यातल्या बहुतेक कारखान्यांत सकाळी नऊ-साडेनऊला मीटिंग होते. टेबलावर आदल्या दिवशीचे नापास नग मांडलेले असतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘कोणी केलं?’ त्याचे उत्तर लगेच मिळते, कारण जॉबकार्डावर नाव असते. नाव मिळाले की चौकशी संपते आणि निर्णयही आपोआप होतो. ऑपरेटरला तंबी द्यायची, ‘ट्रेनिंग दिले’ असे रजिस्टरला लिहायचे, तपासणीला एक माणूस वाढवायचा. आठवड्याभराने त्याच टेबलावर तेच नग पुन्हा येतात.

एक साधे उदाहरण धरू. पंपाचा शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, आहे. त्यावर ६२०५ नंबरचे बेअरिंग बसते, म्हणजे बेअरिंग बसते त्या जागेचा व्यास २५ मिलिमीटर. ड्रॉइंगवर बसणी, म्हणजे बेअरिंग किती घट्ट बसावे याचा वर्ग, के-६ दिली आहे. व्यास २५.००२ ते २५.०१५ च्या दरम्यान हवा, म्हणजे सगळी मिळून १३ मायक्रॉनची गल्ली (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). दोन सीएनसी लेथ (संगणकावर चालणारी कातकामाची यंत्रे), दोन पाळ्या (सात ते तीन, तीन ते अकरा), रोज ६४० नग. त्यातले सरासरी १९ नग दुसऱ्या दिवशीच्या अंतिम तपासणीत व्यास कमी म्हणून बाद होतात. व्यास जास्त भरला तर पुन्हा एक हात मारता येतो. कमी भरला की नग भंगारात. त्या टप्प्यापर्यंत एका नगावर १८० रुपये खर्च झाले असतील, तर दिवसाला ३,४२० आणि २६ दिवसांच्या महिन्याला जवळजवळ ८९ हजार रुपये जातात.

इथे व्यवस्थापकाने पहिली अर्ध्या तासाची मेहनत घ्यायची ती समस्या लिहून काढण्यावर. ‘रिजेक्शन वाढलंय’ ही समस्या नव्हे, ती तक्रार झाली. कागदावर मधोमध उभी रेघ मारून डावीकडे ‘आहे’ आणि उजवीकडे ‘नाही’ लिहायचे. ही पद्धत चार्ल्स केपनर आणि बेंजामिन ट्रेगो या दोन अमेरिकनांनी रूढ केली. खर्च एका कागदाचा. काय होते? व्यास कमी भरतो; जास्त भरत नाही, लांबीत आणि फिनिशमध्ये खोट नाही. कुठे? दोन नंबरच्या लेथवर. एक नंबरवर तुरळक. किती? तीन-चार मायक्रॉनने कमी; पन्नास मायक्रॉनने कधीच नाही. केव्हा? दुपारी एक ते सहा. सकाळी आणि रात्री नाही.

आता या शेवटच्या ओळीकडे बघा. एक ते सहा ही वेळ दोन्ही पाळ्यांत मोडते. तीन वाजता माणूस बदलतो, खोट बदलत नाही. ‘कोणी केलं?’ हा प्रश्न इथेच निकालात निघाला, तोही कोणाला बोलावून न घेता. चूक पन्नास मायक्रॉनची नाही, म्हणजे प्रोग्रॅम चुकला, धक्का लागला, जॉब नीट पकडला नाही, ही कारणेही गळाली. उरते एवढेच की दुपारी दोन नंबरच्या यंत्रावर काहीतरी वेगळे घडते. आता फाइल मिटवून खाली जायचे आणि बघायचे. ते यंत्र पश्चिमेच्या पत्र्याच्या भिंतीला लागून आहे, आणि त्याच्या कूलंटच्या (कापताना नग गार ठेवणाऱ्या द्रवाच्या) टाकीत निम्म्यापर्यंत बुरादा साठला आहे. टाकीत द्रव कमी, तोच तोच भरभर फिरतो, निवायला वेळच मिळत नाही. मे महिन्यात बडोद्यात दुपारी पारा बेचाळीसवर असतो. नग साठ अंशांना बाहेर पडतो आणि ऑपरेटर तो लगेच मोजतो. त्याच्या हातातला मायक्रोमीटर (व्यास मोजण्याचे उपकरण) चाळीस अंशांच्या आसपास.

पोलादाचा एक मीटरचा तुकडा तापमान एक अंशाने वाढले की साधारण साडेअकरा मायक्रॉनने वाढतो. या हिशेबाने २५ मिलिमीटरचा व्यास २० अंशांच्या फरकाला जवळजवळ सहा मायक्रॉन जास्त दिसणार. तेरापैकी सहा मायक्रॉन उष्णतेनेच खाल्ले. ऑपरेटरला माप २५.०१४ दिसते, वरची हद्द जवळ आली म्हणून तो पाच मायक्रॉनचा ऑफसेट उतरवतो, म्हणजे व्यास तेवढा कमी कापायला यंत्राला सांगतो. त्याचे काही चुकले नाही. इन्सर्ट (कापणारे पाते) झिजत जातो तसा व्यास वाढतो आणि ऑफसेट द्यावाच लागतो, हे त्याला शिकवलेले आहे. पुढचा नग त्याला २५.००९ दिसतो, एकदम मधोमध. तो रात्रीत निवतो आणि सकाळी २५.००३ भरतो. त्यात यंत्राचा स्वतःचा दोन-तीन मायक्रॉनचा हेलकावा मिळवला की पाचातला एखादा नग खालच्या हद्दीबाहेर जातोच. लेथवर पास, तपासणीत नापास.

हेच कारण आहे हे ठरवायचे कसे? तर्क कितीही पटला तरी त्यावर सही करू नये. दुपारी तीनला सलग दहा नग घ्यावेत, त्यांवर मार्करने क्रमांक टाकावेत, यंत्रावरून उतरताच मोजावेत. मग ते सरफेस प्लेटवर (मोजमापाच्या सपाट, जड पाटावर) अर्धा तास ठेवून त्याच माणसाने त्याच मायक्रोमीटरने पुन्हा मोजावेत. (मायक्रोमीटर एक मायक्रॉन वाचणारा हवा. शतांश मिलिमीटर वाचणाऱ्या उपकरणाने १३ मायक्रॉनची गल्ली तपासणे म्हणजे वजनकाट्यावर मोहरी मोजणे. हेही सर्रास चालते.) दहाच्या दहा नग पाच-सहा मायक्रॉनने उतरले तर कारण सापडले. मग टाकी साफ करावी, कूलंट खुणेपर्यंत भरावे आणि तोच प्रयोग दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा करावा. फरक दोन मायक्रॉनवर आला पाहिजे. खरे कारण दिव्याच्या बटणासारखे असते : चालू-बंद करून दाखवता येते.

‘नाही’चा रकाना न भरल्याने काय होते याचे सगळ्यांत भयंकर उदाहरण २८ जानेवारी १९८६ चे आहे. ‘चॅलेंजर’ हे अमेरिकी अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटले आणि सातही अंतराळवीर गेले. बूस्टर रॉकेटच्या सांध्यातली रबरी ओ-रिंग थंडीत कडक झाली होती. आदल्या रात्री दूरध्वनीवरच्या बैठकीत इंजिनिअर ‘थंडीत उडवू नका’ म्हणत होते, पण पुढे ठेवलेल्या आकड्यांत थंडीशी स्पष्ट संबंध दिसेना, कारण ज्या उड्डाणांत ओ-रिंगला इजा झाली होती तेवढीच विचारात होती. पुढे चौकशी आयोगाने बिनइजेची उड्डाणेही त्यात मिळवली. सुमारे १९ अंश सेल्सिअस किंवा त्याहून उबदार असताना झालेल्या २० उड्डाणांपैकी फक्त ३ मध्ये इजा होती. १७ अंश किंवा त्याहून थंड असतानाच्या ४ पैकी चारही उड्डाणांत होती. चांगले नग टेबलावर आणले असते तर उत्तर आदल्या रात्रीच समोर होते. आपल्या मीटिंगमध्येही फक्त नापास नग येतात. सकाळचे पास झालेले दहा नग शेजारी ठेवून बघावेत.

‘पाच वेळा का विचारा’ ही टोयोटाची पद्धत आता भिंतीवरच्या पोस्टरमुळे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि पोस्टरमुळेच तिचा विचका झाला आहे. पाचवे उत्तर ‘ऑपरेटरचे दुर्लक्ष’ असे आले की फॉर्म भरला. आमचा साधा नियम आहे : उत्तरात माणसाचे नाव किंवा ‘दुर्लक्ष’, ‘निष्काळजी’ असा शब्द आला की आणखी एकदा ‘का’ विचारायचेच. आणि साखळी पूर्ण झाली की खालून वर ‘म्हणून’ लावून वाचायची. टाकी भरण्याचे काम कोणाच्याच रोजच्या यादीत नाही, म्हणून टाकी अर्धी राहते. म्हणून नग तापून निघतो. म्हणून गरम नगाचे माप जास्त दिसते. म्हणून ऑफसेट जादा उतरतो. म्हणून थंड नग कमी भरतो. जिथे ‘म्हणून’ म्हणताना जीभ अडखळते तिथली कडी कच्ची असते. बहुतेक भरलेले फॉर्म दुसऱ्याच कडीवर अडखळतात.

आकड्यांबद्दल एक गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण या बाबतीत मोठ्या पगाराचे लोकही फसतात. वरच्या उदाहरणात रोजची सरासरी १९ बाद नगांची आहे. सोमवारी १२ निघाले : साहेब खूश. मंगळवारी २६ : आरडाओरडा. बुधवारी १७ : ‘बघा, ओरडल्यावर कमी झाले.’ वॉल्टर शूहार्ट या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञांनी १९२४ मध्ये नियंत्रण-आलेख, म्हणजे आकड्यांच्या नेहमीच्या चढउताराच्या हद्दी दाखवणारा आलेख, मांडला तो नेमका याच घोळासाठी. रीत सोपी आहे. रोज ६४० नग आणि सरासरी १९.२ बाद. १९.२ ला ०.९७ ने, म्हणजे चांगल्या नगांच्या प्रमाणाने, गुणा, वर्गमूळ काढा, साधारण ४.३ येते. त्याची तिप्पट १३. सरासरीत मिळवा आणि वजा करा. खालची हद्द ६, वरची ३२. यंत्रणा आहे तशीच असताना रोजचा आकडा या दोहोंच्या मध्ये कुठेही पडू शकतो. बारा आणि सव्वीस ही एकाच यंत्रणेची दोन तोंडे आहेत. चाळीस आले तर त्या दिवशी काय वेगळे घडले ते शोधा. आत असेल तेव्हा त्या एका दिवसाची झडती घेऊ नका, अख्ख्या महिन्याचे आकडे तासवार, यंत्रवार मांडा. ओरडण्याने कमी होत नाही. सव्वीसनंतरचा आकडा बहुधा सरासरीकडेच येणार असतो, ओरडा वा पेढे वाटा. ऑपरेटर एका नगाच्या मापावर ऑफसेट देतो आणि व्यवस्थापक एका दिवसाच्या आकड्यावर माणूस हलवतो, दोघांची चूक एकच. ऑपरेटरला आपण सांगतो की सलग पाच नगांची सरासरी बघून मगच ऑफसेट दे. साहेबांना हे सांगायचे कोणी?

दुसरे दुखणे तात्पुरत्या उपायाचे. माल गिऱ्हाइकाकडे जाऊ नये म्हणून शंभर टक्के तपासणी लावणे बरोबरच आहे. ती आग विझवण्याची बादली. पण बादली लावली की आग विझली असे धरले जाते आणि दोन वर्षांनी बघावे तर तपासणीला तीन माणसे कायमची बसलेली. पगार वाढला, भंगार तेवढेच. शिवाय सलग तपासणाऱ्या माणसाच्या नजरेतून काही नग सुटतातच. म्हणून तात्पुरत्या उपायाच्या कागदावर तो बंद होण्याची तारीख सुरुवातीलाच लिहावी. औषधाच्या पाकिटावर असते तशी. तारीख आली आणि कारण सापडलेले नसेल तर मुदत वाढवायला कारखान्याच्या प्रमुखाची सही लागावी. एवढ्या एका अटीने अर्ध्या बादल्या परत जागेवर जातात.

कारण सापडले की निर्णय. इथे पर्याय निदान तीन हवेत आणि त्यात ‘काहीच न करणे’ हा एक धरावाच, कारण त्यालाही किंमत असते. आपल्या उदाहरणात महिना ८९ हजार. बाकीचे असे : टाकी आठवड्याला साफ करायची, रोज पाळीच्या सुरुवातीला पातळी बघायची आणि मोजण्याआधी नग व मास्टर (मायक्रोमीटर जुळवून घेण्याचा प्रमाण तुकडा) एकाच ट्रेमध्ये ठेवून निववायचे; किंवा कूलंटसाठी चिलर, म्हणजे द्रव थंड करणारे यंत्र, घ्यायचा; किंवा मोजमापाला वातानुकूलित खोली बांधायची. कसोट्या पर्यायांच्या आधी लिहाव्यात : किती दिवसांत फरक दिसला पाहिजे, उत्पादन किती अडलेले चालेल, खर्चाची मर्यादा किती. क्रम उलटला तर जो पर्याय साहेबांना आधीच आवडला आहे त्याच्या मापाच्या कसोट्या शिवल्या जातात. हर्बर्ट सायमन यांना १९७८ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांचे म्हणणे होते की माणूस सर्वोत्तम पर्याय शोधत नाही, पुरेसा चांगला मिळाला की थांबतो. थांबण्याला हरकत नाही, फक्त ‘पुरेसा’ म्हणजे किती ते आधी ठरलेले हवे.

ट्रे सोपा वाटतो पण त्यातही मेख आहे. नगाला अडीच मिनिटे लागतात. वीस मिनिटे निववायचे म्हटले तर माप कळेपर्यंत मागे आठ नग होऊन जातात. म्हणून आधी कूलंट, मग ट्रे. क्रम चुकवला की ऑपरेटर दोन दिवसांत ट्रे बाजूला सारतो, आणि आपण पुन्हा ‘कोणी सारला?’ विचारायला मोकळे.

निर्णय मागे घेता येण्यासारखा आहे की नाही, हे त्याच्या रकमेपेक्षा आधी बघावे. टाकी साफ करायला मीटिंग कशाला? सुपरवायझरने परस्पर करावी. यंत्र विकणे, डाय-साच्यासकट पुरवठादार बदलणे, माणूस काढणे, हे मागे घेता येत नाहीत. आणि यातला शेवटचा, माणूस काढण्याचा, निर्णय आपल्याकडे सगळ्यांत लवकर होतो.

मोठा निर्णय असेल तर आधी लहान जागी करून बघावा, हे बडोदेकरांना बाहेरून शिकायची गरज नाही. सयाजीराव महाराजांनी सक्तीचे प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये आधी काठियावाडातल्या अमरेली तालुक्यात सुरू केले आणि १९०६ मध्ये साऱ्या राज्यात लागू केले. तेरा वर्षे! हुकूम काढण्याचा पूर्ण अधिकार असलेला राजा एका तालुक्यात अनुभव घेतो, आणि आमच्याकडे नवे सॉफ्टवेअर एक तारखेला सगळ्या विभागांत एकदम चालू होते. एका लाइनवर, एका पाळीत, दोन आठवडे चालवायला काय हरकत असते ते समजत नाही.

मीटिंगमध्ये कोण आधी बोलते यावर बरेच ठरते. साहेबांनी मत दिले की बाकीचे ‘बरोबर आहे सर’ म्हणून मोकळे. लष्करी न्यायालयात सर्वांत कनिष्ठ सभासदाचे मत आधी घेण्याची पद्धत आहे, ती उचलावी. त्यातही बडोद्याची आणखी एक अडचण : साहेब मराठीत किंवा हिंदीत विचारतात, ऑपरेटर गुजरातीत सांगतो आणि इंजिनिअर रजिस्टरला इंग्रजीत लिहितो. दोन उड्या मारताना ‘साहेब, बपोर पछी माप फरी जाय छे’ यातले ‘बपोर पछी’, म्हणजे दुपारनंतर, गळून पडते आणि रजिस्टरला नुसते ‘माप बदलते’ एवढेच उरते. सगळी किल्ली त्या दोन शब्दांत होती. यंत्राजवळची नोंद ऑपरेटरच्याच भाषेत, त्याच्याच अक्षरात राहू द्यावी.

न परतणाऱ्या निर्णयांसाठी गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाची युक्ती कामाला येते. सही करण्याआधी दहा मिनिटे सगळ्यांनी असे धरायचे की सहा महिने झाले आहेत आणि निर्णय सपशेल फसला आहे. का फसला, याची दोन-दोन कारणे प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायची. तोंडी नाही, चिठ्ठीवरच. ‘हे चालणार नाही’ असे साहेबांच्या तोंडावर म्हणायला जो कचरतो, तो ‘का फसले’ हे मात्र मोकळेपणाने लिहितो.

शेवटचे काम निर्णयवहीचे. साधी दोनशे पानी वही पुरते. एक नोंद अशी दिसते : ‘१२ मे. दोन नंबर लेथ, व्यास कमी, दुपारी १ ते ६. कारण : कूलंट कमी, गरम नगाचे माप; दहा नगांवर तपासले. निर्णय : टाकी दर शनिवारी साफ, पातळी रोज सात आणि तीन वाजता, जबाबदारी पाळीचा सुपरवायझर. सोडून दिले : चिलर, कारण आधी विनाखर्चाचे बघू. अपेक्षा : ३१ मेपर्यंत रोजचे बाद नग ६ च्या खाली. तसे न झाल्यास १ जूनला चिलरचा प्रस्ताव पुन्हा उघडायचा.’ यात सर्वांत उपयोगी ओळ ‘सोडून दिले’ ही आहे. वर्षाने कोणीतरी तावातावाने विचारतेच की तेव्हाच चिलर का नाही घेतला. आणि अपेक्षेचा आकडा आधी लिहिलेला असला की ३१ तारखेला ‘बराच फरक पडला’ असे म्हणून सुटता येत नाही.

पाच-सहा माणसांच्या वर्कशॉपमध्ये शेठच सगळे बघतात, तिथे वहीचा बाऊ नको. जॉबकार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूला तीन ओळी पुरतात : केव्हा होते, केव्हा होत नाही, परत कोणत्या तारखेला बघायचे.

कळावे,
आपले,
कारखान्यांत गुणवत्तेचे काम करणारे काही वाचक,
बडोदे